कॅथेटरद्वारे सलग नर्व्ह ब्लॉक

शस्त्रक्रियेनंतरची वेदना शमवण्यासाठी हातापायाच्या मज्जातंतूलगत कॅथेटरची बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस भुलीचे सौम्य औषध सोडत राहण्याची पद्धत. एकदाच टोचलेल्या ब्लॉकचा, म्हणजे मज्जातंतू बधिर करण्याचा, असर साधारण ८ ते १६ तास टिकतो. सकाळी ऑपरेशन झालेल्याला रात्री कळा सुरू होतात. नळी असली की ती रात्र निभावते, मॉर्फिनच्या जातीची औषधे कमी लागतात, त्यामुळे उलट्या आणि गुंगीही कमी होते. १९४६ मध्ये अ‍ॅन्सब्रो यांनी हाताचा ब्लॉक असा सलग चालू ठेवल्याचे नोंदवले.

खांद्यासाठी मानेतून, कोपर व पंजासाठी कॉलरबोनखालून, गुडघ्यासाठी मांडीतून, पावलासाठी गुडघ्यामागून नळी घालतात. मांडीतल्या नळीने गुडघ्याची मागची बाजू बधिर होत नाही. तिथले दुखणे म्हणजे ब्लॉक फसला असे नव्हे. त्यासाठी पॅरासिटामॉल वगैरे सोबत चालू ठेवावे.

सोनोग्राफीत मज्जातंतू पाहून १८ गेज जाडीची ट्यूही सुई (वळलेल्या टोकाची पोकळ सुई) त्याच्याजवळ नेतात, ५-१० मिली सलाईनने जागा मोकळी करतात आणि २० गेजची नळी सुईच्या टोकापुढे २-४ सेंटिमीटर सरकवतात. जास्त सरकवली तर ती गुंडाळते, क्वचित गाठही बसते. पुढे ०.२ टक्के रोपिव्हाकेन हे भुलीचे औषध तासाला ५ मिली, म्हणजे दिवसाला २४० मिलिग्रॅम. रुग्णाचे वजन आणि आधी दिलेला डोस पाहून हे ठरवावे.

सुई नेमकी लावण्यापेक्षा पुढचे दोन दिवस नळी जागेवर राखणे अवघड. घामाने चिकटपट्टी सुटते, कूस बदलताना नळी ओढली जाते, कडेने औषध पाझरते. म्हणून नळी कातडीखालून थोडी फिरवून बाहेर काढावी, ती बाहेर येते त्या छिद्राशी ग्लू लावावा, वर पारदर्शक ड्रेसिंग करावे. नळीतून औषध ढकलणाऱ्या फुग्याच्या पंपाला वीज लागत नाही, पण त्याचा प्रवाहनियंत्रक तापला की औषध ठरल्यापेक्षा वेगाने जाते. उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष हवे.

१८९४ साली मिशन हॉस्पिटल उभे राहिलेल्या मिरजेत आजही दूरदूरचे रुग्ण येतात. कडबाकुट्टीत सापडलेल्या हाताला ही नळी दुहेरी उपयोगी: वेदना थांबते आणि रक्तवाहिन्या सैलावून जोडलेल्या बोटाचा रक्तपुरवठा सुधारतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली चिरडलेल्या नडगीत मात्र जपून. स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढत असताना कळ हीच पहिली सूचना असते, आणि दाट ब्लॉक ती झाकतो. जत-आटपाडीच्या रुग्णाला नळीसह घरी धाडण्यापेक्षा वॉर्डात ठेवणे बरे. अडचण आली तर तिथून परत यायला फार वेळ जातो.

मांडीच्या ब्लॉकने गुडघा लुळा पडतो. आधाराशिवाय उठू देऊ नये. बधिर टाचेखाली उशी सरकवावी, नाहीतर जखम होते. मानेतल्या नळीने त्या बाजूचा श्वासपटल मंदावतो, म्हणून दमेकऱ्यात ती टाळलेली बरी. ओठ बधिर, कानात गुंजारव, तोंडात धातूची चव, झटके: औषध रक्तात चढल्याची ही लक्षणे. पंप तत्काळ बंद करावा, ऑक्सिजन द्यावा आणि २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्धांशाचे दुधाळ द्रावण) वजनाच्या किलोमागे १.५ मिली शिरेतून द्यावे. ते वॉर्डातच हाताशी हवे.

नळी काढताना अडली तर खेचू नये; अवयवाची स्थिती बदलून हळू ओढावी आणि टोक पूर्ण आले का ते पाहावे. पंप बंद करून २४ तासांनंतरही बधिरता राहिली तर भूलतज्ज्ञाने पुन्हा तपासावे.