व्हॅक्सिन डेपो ते कोगनोळी नाका

बेळगावात ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हटलं की सकाळी फिरायला जाणारी मंडळी आठवतात, नाहीतर सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा. टिळकवाडीतल्या या मैदानाच्या नावातच लस आहे, हे बोलताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथं देवीची लस बनायची. वासराच्या कातडीवर चरे पाडायचे, लस लावायची, पुळ्या उठल्या की त्यातला द्रव खरवडून घ्यायचा. टोचून घेण्याला लोक ‘देवी काढणं’ म्हणत. भारतातून देवी १९७५ साली गेल्या. जुन्या माणसांच्या दंडावर वण तेवढे राहिले.

त्याआधीचा धडा प्लेगचा. १८९६ साली तो मुंबईत आला, १८९७ साली इंग्रजांनी चार कलमांचा साथरोग कायदा केला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. घरझडती आणि सक्तीमुळे पुण्यात काय घडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाफकिन यांची प्लेगवरची लसही त्याच वर्षीची, पण गावकऱ्यांचा भरवसा आपल्याच रीतीवर: उंदीर पडायला लागले की घराला कुलूप आणि माळावर झोपडी. आषाढात वार पाळायची, त्या दिवशी शेतात पाऊल न टाकायची चाल आपल्याकडे अजून आहे. म्हणून की काय, लॉकडाउन हा शब्द नवा वाटला, गाव बंद ठेवणं नाही.

१९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. कागदावर सीमा आली. दवाखान्याची वाट मात्र निपाणीकरांसाठी कोल्हापूर-मिरजेचीच राहिली.

मार्च २०२० मध्ये कोविडसाठी कर्नाटकानं तोच १८९७ चा कायदा हाती घेतला. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा झाला आणि निपाणीजवळ सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. आमच्या गल्लीत आलेला सूचनांचा कागद कन्नडमध्ये होता. आरोग्य कार्यकर्त्या आशाताई कट्ट्यावर उभ्या राहून एकेक ओळ मराठीत सांगत होत्या. ‘काय गं, गरम पाणी प्यायचं लिवलंय काय?’ ‘न्हाई मावशी, ताप आला तर घरात दडून बसू नका, असं लिवलंय.’ भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही हव्यात, ही मागणी इथं वर्षानुवर्षं चालू आहे. साथीत तिचा अर्थ असा दारात येऊन उभा राहतो.

मदतीचं गणितही राज्यागणिक वेगळं. कोविडनं माणूस गेला तर ५०,००० रुपये दोन्हीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर. कर्नाटकानं बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, घरातला कमावता माणूस गेल्यास आणखी एक लाख दिले, म्हणजे सगळी भिस्त रेशन कार्डावर.

साथ ओसरल्यावर, २०२३ साली, महाराष्ट्रानं दवाखान्याचा खर्च उचलणारी महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू केली, ५४ कोटींची तरतूद केली. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी कडाडून विरोध केला. कर्नाटकात निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे दोन्हीकडचा आवाज जरा जास्तच चढला. डायलिसिसची पाळी असलेल्यांनी मात्र एवढंच विचारलं: कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं?