कुमरान आणि नाग हम्मादी: गुहा एकाची, शुभवर्तमानं दुसऱ्याची

मृत समुद्राजवळच्या गुहेत चर्चने दडपलेली शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र किंवा वचनं सांगणारे ग्रंथ, सापडली, असं कुणी ठासून सांगू लागलं की समजावं, दोन शोधांची सरमिसळ झाली आहे. गुहा एका शोधातल्या, शुभवर्तमानं दुसऱ्यातली. दोन्ही शोध एकापाठोपाठ लागले, दोन्हींच्या हकिकतीत मातीचे रांजण आहेत आणि दोन्हींना पहिला हात लागला तो विद्वानांचा नव्हे, आसपासच्या गरीब माणसांचा. गल्लत व्हायला एवढं पुरेसं आहे.

नाग हम्मादी हे वरच्या, म्हणजे दक्षिण, इजिप्तमधलं नाईलकाठचं गाव. १९४५ च्या डिसेंबरात त्याच्या जवळपास शेतकऱ्यांना पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, ग्रंथ मिळाले. ते गुंडाळलेले नव्हते. पानं शिवून त्यांना कातडी वेष्टण घातलेलं होतं. असे बारा ग्रंथ आणि तेराव्याची काही पानं, मिळून पन्नासेक कृती. भाषा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची, प्रती चौथ्या शतकातल्या, मजकूर ग्रीकवरून आणलेला. बरंचसं लेखन ग्नॉस्टिक वळणाचं, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मानणारं. येशूची ११४ वचनं असलेलं थॉमसचं शुभवर्तमान यातलंच.

कुमरान मृत समुद्राच्या वायव्य किनाऱ्यावर. तिथे १९४७ च्या सुमारास बेदुइन मेंढपाळांना पहिल्या गुंडाळ्या मिळाल्या आणि १९५६ पर्यंत अकरा गुहांमधून नऊशेच्या वर हस्तलिखितांचे अवशेष निघाले. बहुतेक कातड्यावर, बहुतेक हिब्रूत, काही अरामी, थोडे ग्रीक. काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इ.स. पहिल्या शतकापर्यंतचा. हिब्रू बायबलची पुस्तकं, त्यांवरची भाष्यं, स्तोत्रं आणि एका कडक शिस्तीच्या पंथाची नियमावली. सगळा मजकूर ज्यू. सातव्या गुहेतला एक ग्रीक तुकडा मार्ककृत शुभवर्तमानाचा असल्याचा दावा झाला होता, पण बहुतेक अभ्यासकांनी तो मानला नाही.

खरी गंमत पुढे आहे. नाग हम्मादीच्या ग्रंथांत येशू पानोपानी बोलतो, पण त्या प्रती त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी लिहिलेल्या आहेत. थॉमसच्या वचनांपैकी काही जुनी असतील, यावर वाद आहे, तरी बाकीचा बराच भाग नंतरच्या विचारांचा. कुमरानमध्ये येशूचं नावही नाही, आणि तरीही तो ज्या जगात वाढला त्या जगातली धार्मिक भाषा, वाद, अपेक्षा आपल्याला तिथेच ऐकू येतात. येशूबद्दल काही शोधायचं तर ज्यात त्याचं नाव नाही ते आधी वाचावं, हे हंगेरियन अभ्यासक गेझा वेर्मेश यांच्या आयुष्यभराच्या कामातून उमगतं.

वेर्मेश १९२४ मध्ये हंगेरीतल्या माको गावी ज्यू घरात जन्मले. लहानपणीच कुटुंबाने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला, पण १९४४ मध्ये नाझींनी ज्यूंची धरपकड केली तेव्हा त्या बाप्तिस्म्याचा उपयोग झाला नाही: आई-वडील हद्दपारीत गेले, ते परतले नाहीत. मुलगा मात्र धर्मशिक्षण घेत होता, तो वाचला. पुढे बेल्जियममधल्या लूव्हाँला जाऊन ते पाद्री झाले आणि १९५३ मध्ये त्यांनी कुमरानच्या गुंडाळ्यांच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीवर डॉक्टरेट मिळवली. शोध ताजा असताना त्यावर एवढं काम करणारे अगदी मोजके. १९५७ मध्ये त्यांनी पाद्रीपद सोडलं, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकवलं, १९६५ पासून ऑक्सफर्डला. १९६२ मध्ये आलेलं त्यांचं गुंडाळ्यांचं इंग्रजी भाषांतर पुढे वाढत वाढत अनेक पिढ्यांच्या हाती गेलं.

पण भाषांतर करायला मजकूर तर हवा! कुमरानच्या चौथ्या गुहेतले हजारो तुकडे अभ्यासकांच्या एका छोट्या गटाच्या ताब्यात होते आणि तो गट घाई करायला तयार नव्हता. १९७७ मध्ये वेर्मेश यांनी या दिरंगाईला विसाव्या शतकातला सर्वांत मोठा विद्यापीठीय घोटाळा म्हटलं. त्याच वर्षी नाग हम्मादीचे ग्रंथ इंग्रजीत एका खंडात वाचकांपुढे आले होते! ‘दडवून ठेवलं’ ही तक्रार त्या काळापासून मृत समुद्राच्या नावाला चिकटली, आणि शुभवर्तमानं दुसरीकडून येऊन तिला जोडली गेली. व्हॅटिकननेच कट करून हा मजकूर दडपला, ही कहाणी मात्र वेर्मेश यांनी कधी उचलून धरली नाही. त्यांच्या मते कारण माणसांच्या हेकटपणात आणि कामाच्या ढिसाळ पद्धतीत होतं. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाने गुंडाळ्यांची छायाचित्रं खुली केली, तेव्हा ती कोंडी फुटली.

त्यांचं दुसरं मोठं काम १९७३ चं: येशूला गालीलातला ज्यू साधुपुरुष म्हणून, होनी आणि हनिना बेन दोसा यांसारख्या चमत्कार करणाऱ्यांच्या रांगेत पाहणं. इथे रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मपंडितांचं, साहित्य आणि बायबलातली पहिली तीन शुभवर्तमानं ही त्यांची मुख्य साधनं, कुमरान पार्श्वभूमीला. येशू स्वतः कुमरानच्या पंथातला होता, असं त्यांनी म्हटलं नाही. मला हा संयम फार महत्त्वाचा वाटतो, कारण नंतर आलेल्या कित्येक लेखकांना तो पाळता आला नाही.

आणखी एक गल्लत जाता जाता: येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याच्या नावाचं, २००६ मध्ये गाजलेलं शुभवर्तमान या दोन्हींपैकी कशातलंच नाही. तेही कॉप्टिक आणि इजिप्तमधलंच, पण स्वतंत्रपणे सापडलेल्या वेगळ्या ग्रंथातलं.