जामीन, तारखा, तपासाची प्रगती: गुन्ह्यातील पीडिताने माहितीसाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा

आरोपी सुटून गावात परत आला आणि तेव्हा कुठे पीडिताच्या घरच्यांना जामीन झाल्याचं कळलं, असं फार वेळा होतं. अनेक गुन्ह्यांत त्यांना आधी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. नोटीस न पोहोचण्याची कारणं बहुधा साधी असतात: एफआयआरवर जुना पत्ता, बंद पडलेला मोबाइल, फाइलमध्ये पीडिताच्या बाजूचा एकही कागद नाही. ही तिन्ही कारणं अर्जाने दूर होतात.

कोणाला किती हक्क

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यानुसार ज्याला इजा किंवा नुकसान झालं तो पीडित. त्याचे पालक आणि कायदेशीर वारसही त्यात येतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते (कलम १७३). तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं, फोनवर संदेश पाठवूनही चालतं (कलम १९३). दोषारोपपत्राची मोफत प्रत पीडितालाही मिळते, पण त्याने वकील दिलेला असेल तरच (कलम २३०). ही अट अनेकांच्या लक्षात येत नाही.

जामिनाच्या बाबतीत सर्वांत भक्कम हक्क अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धचा कायदा) आहे. कलम १५अ नुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर नोटीस आणि जामीन, पॅरोल, शिक्षा यांवर म्हणणं मांडण्याची संधी पीडिताला व त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना मिळालीच पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरिराम भांभी प्रकरणात अशी नोटीस न देता झालेला जामीन रद्द केला. पोक्सोमध्ये (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) अटक, दाखल झालेले अर्ज, न्यायालयातील घडामोडी पालकांना कळवणं हे २०२० च्या नियमांनी पोलिसांचं काम ठरवलं आहे. सोळा वर्षांखालील मुलीवरचा बलात्कार किंवा अठरा वर्षांखालील मुलीवरचा सामूहिक बलात्कार असेल, तर जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा फिर्यादीने अधिकार दिलेली व्यक्ती हजर असणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ ने आवश्यक केलं आहे.

अर्ज दोन ठिकाणी

पहिला अर्ज पोलीस ठाण्यात, तपासी अंमलदाराच्या नावे. मजकूर चार ओळींचा पुरतो (गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर): "गु.र.नं. अमुक, कलमे अमुक. मी या गुन्ह्यातील पीडित आहे. आरोपीची अटक, रिमांड, जामीन अर्ज, दोषारोपपत्र यांची माहिती मला खालील पत्त्यावर व मोबाइलवर द्यावी. जामिनास माझा विरोध असून माझे म्हणणे ऐकून घ्यावे, असे आपल्या अहवालात नमूद करावे." शेवटचं वाक्य गाळू नका. जामीन अर्ज आला की न्यायालय पोलिसांचा 'से' (लेखी म्हणणं) मागवतं. त्यात पीडिताचा विरोध लिहिलेला असला तर तो न्यायाधीशांपुढे जातो. अर्ज आवक टेबलवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा.

दुसरा अर्ज न्यायालयात, वकिलामार्फत, वकीलपत्रासह. एक प्रत सरकारी वकिलांना. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. पोक्सो प्रकरणात बालकल्याण समितीकडे सहायक व्यक्ती मागा. तारखांचा पाठपुरावा हे तिच्याच कामात येतं.

सोबत जोडा: एफआयआरची प्रत, ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, दोन चालू मोबाइल नंबर (एक घराबाहेरच्या विश्वासू माणसाचा). मृताचे वारस असाल तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा. अ‍ॅट्रॉसिटीत जातीचा दाखला, पोक्सोत जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला. पत्ता बदलला की दोन्हीकडे पुन्हा लेखी कळवायचं; तोंडी सांगितलेलं फाइलमध्ये जात नाही.

कुठे अडतं

एका न्यायालयात दिलेला अर्ज वरच्या न्यायालयात आपोआप पोहोचत नाही. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला की आरोपी सत्र न्यायालयात जातो, तिथून उच्च न्यायालयात, आणि प्रत्येक ठिकाणी प्रकरणाला नवा क्रमांक पडतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत, तेव्हा शोधही तिथेच घ्या. ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपमध्ये पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून शोधता येतं. प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की जपून ठेवा. पुढची तारीख त्यावर दिसते.

साठावा आणि नव्वदावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आरोपी कोठडीत असताना या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्कच मिळतो (दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा, जन्मठेप वा फाशी असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवस, इतरांत ६०), आणि तिथे पीडिताच्या विरोधाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून दोन आठवडे आधीच तपासी अंमलदाराला लेखी विचारा.

धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली वेगळा अर्ज करता येतो. निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते आणि धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. धमकीचे मेसेज, कॉलची नोंद, आधीच्या तक्रारींच्या पोच जोडा.

अ‍ॅट्रॉसिटी किंवा पोक्सोत नोटीस न मिळता जामीन झालाच, तर त्याच दिवशी जामीन आदेश आणि रोजनाम्याच्या (न्यायालयातील रोजच्या कामकाजाची नोंद) नकलेसाठी नक्कल विभागात अर्ज टाका. पीडिताला नोटीस दिल्याची नोंद रोजनाम्यात नसणं हाच जामीन रद्द करण्याच्या अर्जातला पहिला मुद्दा. अ‍ॅट्रॉसिटीत विशेष न्यायालयाच्या जामीन आदेशाविरुद्ध कलम १४अ खाली उच्च न्यायालयात अपील होतं. मुदत ९० दिवस, आदेशाच्या तारखेपासून.