पिच नको, ॲबस्ट्रॅक्ट मागितलाय

ॲनिमेशन स्टडीजच्या कॉन्फरन्सची मुदत जवळ आली की माझ्याकडे मसुदे यायला लागतात. "मॅडम, जरा नजर टाका ना, उद्या शेवटची तारीख आहे." पाठवणारे बहुतेक हाताने काम करणारे लोक: कोणी स्टुडिओत रिगिंग (पात्र हलवता यावं म्हणून त्याला सांधे बसवणं) करतं, कोणी स्वतःची शॉर्टफिल्म पूर्ण करून बसलंय. मसुदा उघडला की पहिल्या दोन ओळींतच कळतं, हे पिच आहे. सुबक असतं, वाचायला मजाही येते. पण मागितलेला असतो ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे परिषदेत वाचायच्या निबंधातलं म्हणणं थोडक्यात.

पिच म्हणजे पैसे लावणाऱ्याला फिल्मकडे ओढणारी मांडणी, हे तुम्हाला मी सांगायला नको. लॉगलाइन (एका ओळीत कथा), कथेचा सारांश, पात्रांची रेखाटनं, दिग्दर्शकाचं मनोगत, बजेट. फ्रान्समधल्या ॲनसीचा ॲनिमेशन महोत्सव १९६० पासून चालू आहे, त्याला जोडून मिफा नावाचा बाजार १९८५ पासून भरतो, आणि तिथे उभं राहून मोजक्या मिनिटांत समोरच्याला गुंतवायचं कसं हे आपल्या मुलांना कॉलेजात घोटून शिकवलेलं असतं. ते चांगलंच आहे. अडचण अशी की तेच हत्यार घेऊन ती सोसायटी फॉर ॲनिमेशन स्टडीज या अभ्यासकांच्या संस्थेच्या दारात जातात.

ही सोसायटी हार्वी डेनेरॉफ यांनी १९८७ मध्ये सुरू केली. तिची परिषद दर वर्षी नव्या गावी भरते. २०१६ मध्ये सिंगापूर, २०१७ मध्ये पादुआ, २०१८ मध्ये माँट्रियल, २०१९ मध्ये लिस्बन. तिथे पैसे लावणारा कोणी बसलेला नसतो. अशा परिषदांना साधारण अडीचशे-तीनशे शब्द आणि तुमची चार ओळींची ओळख हवी असते. ते शब्द परीक्षक वाचतात, निवड झाली तर वीस मिनिटं बोलायला मिळतात, आणि मग प्रश्न. शब्दमर्यादा तीनशे असेल तर तीनशेच लिहा. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आता खरा घोळ. पिच उत्सुकता राखून ठेवतं. 'पुढे काय होणार?' हे न सांगण्यातच त्याची ताकद असते. ॲबस्ट्रॅक्टला मात्र शेवट आधी सांगावा लागतो. परीक्षकाला विचारायचं असतं एवढंच: तुमचं म्हणणं काय, ते कशाच्या जोरावर म्हणताय, आणि ते पटलं तर आधीच्या समजुतीत काय बदलतं. इथे लोक हमखास घसरतात, कारण त्यांना वाटतं विषय सांगितला म्हणजे म्हणणं सांगून झालं.

फाळक्यांचंच बघा. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं चित्रित करत मिनिटभराचा तुकडा तयार केला. पडद्यावर काही क्षणांत अंकुर वर येतो. तो तुकडा त्यांनी पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवला आणि कर्ज मिळवलं. हे झालं पिच, आणि काय झकास पिच! त्यात युक्तिवाद शून्य. 'मला हे जमतं, पुढचं यापेक्षा मोठं असेल', एवढाच निरोप.

आता याच वाटाण्यावर कोणी परिषदेला प्रस्ताव पाठवतं. शंभरातल्या नव्वदांचा मसुदा असा असतो: 'या निबंधात दादासाहेब फाळके यांच्या भारतीय ॲनिमेशनमधील योगदानाचा वेध घेतला जाईल.' वेध घ्या की! कोण अडवतंय? पण वेध घेऊन हाती काय लागलं? 'वेध घेणे', 'प्रकाश टाकणे', 'विविध पैलू उलगडणे' ही क्रियापदं दिसली की मी लाल पेन उचलते. या क्रियापदांना निष्कर्ष लागत नाही, म्हणूनच ती इतकी सोयीची वाटतात.

म्हणणं असलेला मसुदा असा दिसेल: 'वाटाण्याच्या त्या तुकड्याला भारतीय ॲनिमेशनची सुरुवात मानलं जातं. मी ते मान्य करत नाही. त्यात वस्तू स्वतःच हलते, माणूस फक्त काळ आखडून घेतो. याउलट फाळक्यांच्याच 'आगकाड्यांची मौज'मध्ये दोन फ्रेम्सच्या मध्ये माणसाचा हात येऊन काडी हलवून जातो. या दोन कृतींना एकाच वंशावळीत बसवल्यामुळे टाइम-लॅप्स आणि ॲनिमेशन यांच्यातली सीमा आपण पुसून टाकली आहे. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात फाळक्यांनी लिहिलेल्या लेखांच्या आधारे, ते स्वतः या कामाकडे कसं बघत होते हे मी दाखवते.' पटो न पटो, याच्याशी भांडता येतं. आणि ज्याच्याशी भांडता येत नाही तो ॲबस्ट्रॅक्ट निवडून परीक्षकाला करायचंय काय?

यावर ठरलेला आक्षेप येतो: "मॅडम, परिषद आठ महिन्यांनी आहे. संशोधन अर्धवट आहे. निष्कर्ष आत्ताच कसा सांगू?" आक्षेप रास्त आहे, उत्तर सोपं आहे. आज जे वाटतं ते सांगा. आजवर जे पाहिलंय त्यावरून तुमचा काहीतरी अंदाज झालेला असतोच, नाहीतर हा विषय तुम्ही निवडलाच नसता. तो अंदाज ठामपणे लिहा. आठ महिन्यांनी मत फिरलं तर व्यासपीठावर तसं सांगा. लोक उलट कान टवकारतात. मत बदललं म्हणून कोणाला हाकलल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मतच नाही म्हणून मसुदे परत आलेले मात्र ढीगभर पाहिलेत, त्यातला पहिला माझाच. त्यावर परीक्षकाने लिहिलं होतं, 'फिल्म बघायला आवडेल. पेपर कुठे आहे?' दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, बरोबर लिहिलंय.

स्वतःच्या फिल्मवर बोलायचं असेल तेव्हा हा घोळ दुप्पट होतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मसुदा आणला. तिने वारली शैलीत पाण्यावर शॉर्टफिल्म केली होती. तीनशेपैकी दोनशे शब्द कथेला दिलेले: विहीर आटते, आजी नातीला घेऊन निघते, वगैरे. उरलेल्यांत 'वारली कलेचं जतन'. (हा शब्दप्रयोग माझ्या डोक्यात जातो. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं लग्नाच्या चौकातून कागदावर आणून जगभर नेली. ती जतनाच्या बरणीत घातल्यासारखं का बोलता?)

मी तिला विचारलं, "अगं, करताना कुठे अडलीस?" ती म्हणाली, "कंबरेपाशी." वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कंबर हा एक बिंदू. तिने सुटे तुकडे जोडून कटआउट रिग केलं, त्या बिंदूवर सांधा बसवला, चालण्याचं सायकल (तीच पावलं पुन्हा पुन्हा फिरवणारं) लावलं, आणि माणसं लचकत चालायला लागली. शरीराला वजन, पावलाला दाब, हाताला मागून येणारा झोका; १९८१ मध्ये फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी डिस्नेची जी बारा तत्त्वं पुस्तकात मांडली, ती सगळी त्या दोन त्रिकोणांत घुसली. तिने तीन आठवडे झगडून शेवटी सायकल काढून टाकलं. तारपा नाचाच्या चित्रात बघा, ती म्हणाली, एकटा माणूस हलताना दिसतच नाही. हलते ती रांग. वेटोळ्यातल्या प्रत्येकाची मुद्रा जवळपास तीच असते, आणि डोळा वेटोळ्यावरून फिरतो म्हणून नाच दिसतो.

"हेच लिही," मी म्हटलं. "वारली चित्रातली हालचाल एका देहात नसते, रांगेच्या मांडणीत असते. रिग करताना आपण चुकीचं एकक हलवतो." विहीर, आजी, नात एका ओळीत आली. फिल्म पुरावा झाली, विषय राहिली नाही. 'मी फिल्म केली' ही बातमी झाली. 'फिल्म करताना मला हे कळलं, आणि ते इतरांच्या कामालाही लागू आहे' याला परिषदेत जागा मिळते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. तीन-चार जणांनी मिळून पॅनेल पाठवायचं असेल तर प्रत्येकाचा ॲबस्ट्रॅक्ट वेगळा लागतो आणि वर सगळ्यांना बांधणारा एक परिच्छेद. वीस मिनिटांत साधारण अडीच हजार शब्द वाचून होतात, तेव्हा तीन देशांच्या ॲनिमेशनचा इतिहास घेऊ नका. सुरुवात 'ॲनिमेशन हा शब्द लॅटिनमधून आला आहे' अशी करू नका. वाचणाऱ्याला ते माहीत असतं. 'ॲनिमेशन फक्त मुलांसाठी नसतं' हेही तिथे कोणाला पटवायचं नाही, ते सगळे त्यावरच पोट भरतात. संदर्भ मागितले असतील तर तीन-चार द्या, पण वाचलेले द्या.

आणि नाव. पिचमध्ये तुमचं नाव जितकं ठळक तितकं बरं. इथे बहुतेक ठिकाणी परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. नाव, संस्था, 'माझ्या अमुक पुरस्कारप्राप्त फिल्ममध्ये' हे सगळं मजकुरातून काढायचं, ओळख वेगळ्या रकान्यात. त्या विद्यार्थिनीने मजकूर धुऊन काढला, फाइलच्या माहितीतलं नावसुद्धा पुसलं. पाठवायच्या आधी मी एकदा उघडून पाहिलं तर खाली फिल्मचं एक स्टिल चिकटवलेलं, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात तिची झोकदार सही. ते चित्रच काढून टाकलं. तसंही चित्र कोणी मागितलं नव्हतं.