पुन्हा चालवता येणं आणि परत फिरवता येणं: एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना

एआय एजंटला (आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआयला) द्यायच्या टूल्सची, म्हणजे त्याला बोलावता येणाऱ्या फंक्शन्सची वर्णनं वाचताना एक वाक्य हटकून भेटतं: 'हे टूल आयडम्पोटंट आहे, बिनधास्त वापरा.' आणि टूल असतं डेटाबेस उडवणारं.

आयडम्पोटंट म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. तीच विनंती एकदा पाठवा नाहीतर पाचदा, शेवटी स्थिती तीच राहते. नेटवर्क मध्येच गेलं तर पुन्हा पाठवायला हरकत नाही. आश्वासन एवढंच. पहिल्याच फेरीत काय होणार, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. झाड एकदा तोडल्यावर त्याच जागी पुन्हा कुऱ्हाड घातली तर नवं काही पडत नाही, पण झाड तर गेलंच ना!

वेबवर विनंत्या पाठवायच्या नियमावलीत, म्हणजे एचटीटीपीत, हे केव्हाच वेगळं करून ठेवलंय. तिच्या 2022च्या आरएफसी 9110 या मानकात गेट, हेड, ऑप्शन्स आणि ट्रेस या 'सेफ', म्हणजे फक्त वाचणाऱ्या पद्धती आहेत. पुट आणि डिलीट आयडम्पोटंट आहेत, सेफ नाहीत. एमसीपीच्या (एआयला टूल्सशी जोडणाऱ्या मानकाच्या) मार्च 2025च्या आवृत्तीतही टूलला दोन स्वतंत्र खुणा लावता येतात. डिस्ट्रक्टिव्ह-हिंट विचारते: आधीचं काही पुसलं किंवा बदललं जाऊ शकतं, की फक्त भर पडते? आयडम्पोटंट-हिंट विचारते: त्याच आर्ग्युमेंट्सनी (टूलला दिलेल्या माहितीने) पुन्हा बोलावलं तर आणखी काहीच होत नाही ना? दोन्हींचं उत्तर एकाच वेळी 'हो' असू शकतं. डिलीटचं बहुतेकदा तसंच असतं. (रीड-ओन्ली खूण कुणी सहसा चुकवत नाही, ती सोडून देऊ.)

खरी मेख मात्र तिसऱ्या प्रश्नात आहे, आणि त्यासाठी एमसीपीत खूणच नाही: गेलेलं परत आणता येतं का?

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची एकच कमांड घ्या. 'गिट रीसेट --हार्ड' आणि पुढे एखाद्या कमिटचा (जतन केलेल्या आवृत्तीचा) पूर्ण हॅश, म्हणजे तिचा ओळख-क्रमांक. दहादा चालवा, त्याच कमिटवर याल. म्हणजे आयडम्पोटंट. आता हॅशच्या जागी 'हेड~1' लिहा. प्रत्येक फेरीला एक कमिट मागे! एजंटला पहिल्या वेळी उत्तर मिळालं नाही आणि त्याने तीच कमांड पुन्हा दिली, की दोन कमिट मागे गेलो. कमांड तीच, बदललं फक्त आर्ग्युमेंट. त्यामुळे 'रीसेट आयडम्पोटंट आहे' असं सरसकट लिहिणंच चूक. आणि परत आणण्याचं म्हणाल तर, मागे पडलेले कमिट रिफ्लॉगमधून (गिटच्या हालचालींच्या नोंदवहीतून) मिळतात, पण कायमचे नाहीत. ब्रँचपासून सुटलेल्या कमिटच्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे 30 दिवसच राहतात. फाइलमध्ये केलेले पण कधीच स्टेज न केलेले (पुढच्या कमिटसाठी न निवडलेले) बदल मात्र गिटकडून मिळणार नाहीत. 'डिस्ट्रक्टिव्ह: हो' या एका खुणेत यातलं काय कळलं?

ॲमेझॉन एस3 या फाइल साठवणाऱ्या सेवेतही तसंच. व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) चालू असलेल्या बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, व्हर्जन आयडी न देता डिलीट केलं, तर ऑब्जेक्टवर (साठवलेल्या फाइलवर) नुसतं डिलीट मार्कर बसतं. ते काढलं की वस्तू परत. आयडी दिलात, तर ती आवृत्ती कायमची गेली. टूलला ते आर्ग्युमेंट ऐच्छिक ठेवायचं आणि वर्णनात 'ऑब्जेक्ट डिलीट करतं' एवढंच लिहायचं, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

नावावरून पुसणाऱ्या टूल्सचं आणखी एक त्रांगडं आहे. कागदावर ती आयडम्पोटंट असतात, पण मधल्या काळात कुणी हात लावला नाही तरच. एजंटने 'स्टेजिंग' डेटाबेस पुसला, टाइमआउट झाला, तेवढ्यात दुसऱ्या स्क्रिप्टने त्याच नावाचा नवा डेटाबेस उभा केला, आणि एजंटची पुन्हा फेरी आली. गेला नवाही. 'सर्वांत जुना स्नॅपशॉट काढा' असलं टूल तर कागदावरही आयडम्पोटंट नाही, कारण प्रत्येक फेरीला सर्वांत जुना वेगळाच असतो. पुसणारी टूल्स कधीही न बदलणारा आयडी मागणारीच हवीत.

'काळजीपूर्वक वापरा' या वाक्याचा तर मला भयंकर वैताग आहे. एजंटने त्याचं करायचं काय? त्यापेक्षा असं लिहा: 'दिलेल्या आयडीचा डेटाबेस कायमचा काढतं. परत आणायला बॅकअपशिवाय मार्ग नाही. उत्तर आलं नाही तर आधी यादी मागवून तो आयडी अजून आहे का ते बघा. फक्त टेबल रिकामं करायचं असेल तर हे टूल वापरू नका.' चार वाक्यं, त्यात मोघम शब्द एकही नाही.

आणि 'कन्फर्म: ट्रू' नावाचं आर्ग्युमेंट टाकून संरक्षण मिळालं असं समजणाऱ्यांनो, ते 'ट्रू' एजंटच भरतो. वर्णनात लिहिलंय की हे आर्ग्युमेंट लागतं, म्हणून तो भरतो. माणसाची संमती हवी असेल तर ती क्लायंटमध्ये (एजंट चालवणाऱ्या ॲपमध्ये), टूल चालण्याआधी, माणसासमोर थांबून घ्यावी लागते. तिथेही एमसीपीच्या खुणांवर डोळे झाकून विसंबू नका. अनोळखी सर्व्हरने (टूल पुरवणाऱ्याने) दिलेल्या खुणा भरवशाच्या धरू नयेत, असं ते मानकच सांगतं.