मंडळी (ख्रिस्ती) : उद्देश आणि कार्य

येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय म्हणजे मंडळी. बायबलच्या नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून जमवलेली सभा असा आहे. त्यामुळे मराठी प्रोटेस्टंटांनी रुळवलेला ‘मंडळी’ हा शब्द ‘चर्च’पेक्षा मुळाला जवळचा, त्यात माणसे आहेत, भिंती नाहीत. कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. ‘मिशन’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ पाठवणे. या लेखात उदाहरण म्हणून घेतलेल्या सोलापूरच्या लोकांच्या तोंडी मात्र तो मिशनची शाळा, मिशनचे आवार असा जागेला चिकटला. मंडळी कशासाठी असते याविषयीचा बराचसा गोंधळ या एका शब्दातून निघाला आहे.

मंडळीच्या उद्देशासाठी सहसा दोन वचने पुढे केली जातात. नव्या करारातील मत्तयाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्यास, बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) देण्यास आणि शिकवण्यास पाठवतो. लूकच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तो स्वतःचे काम सांगतो : दीनांना सुवार्ता म्हणजे शुभवार्ता, बंदिवानांना सुटका. पहिल्यावर भर देणारे सुवार्ताप्रसार आधी मानतात, दुसऱ्यावर भर देणारे सेवा व न्याय. १९५२ मध्ये जर्मनीत विलिंगेन येथे झालेल्या मिशनविषयक परिषदेनंतर मिशन मुळात देवाचे, मंडळी त्यात केवळ सहभागी, हा विचार बळावला. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी असल्याचे म्हटले. उपासना, प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारा विधी) आणि सहभागिता मात्र कोणीच वगळत नाही. पाठवायचे तर आधी जमावे लागते.

मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू केलेले अमेरिकन मराठी मिशन ही प्रोटेस्टंट मिशनरी संस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात स्थिरावली. त्याच काळात गावाचे गिरणगाव होत होते. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी १८७७ची. १८७६–७८ आणि १८९९–१९००च्या दुष्काळांत जिल्हा होरपळला. मदत आणि बाप्तिस्मा एकाच दारातून मिळू लागल्यावर पोटासाठी धर्म बदलल्याचा टोमणा आला, तो अजून ऐकू येतो. टोमणा अर्धाच खरा म्हणावा लागेल. धर्मांतर करणाऱ्यांत महार-मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांना भाकरीइतकेच अक्षर आणि सरळ नावाने हाक मारली जाणे हवे होते. जातीने मात्र ख्रिस्ती देवळाच्या दारातही पाठ सोडली नाही. कायद्यानेही वेगळाच पेच घातला : १९५०च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत.

शिक्षणात मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाची बालशाळा आणि तिला जोडलेले शिक्षिका-प्रशिक्षण हे सोलापूरचे वैशिष्ट्य. मुलींसाठी वोरोनोको शाळा होती. वैद्यकीय सेवेचे जवळचे उदाहरण मिरजेचे, तिथे मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढले.

सर्वांत अडचणीचा अध्याय सेटलमेंटचा, म्हणजे कुंपणातल्या सक्तीच्या वसाहतींचा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. सोलापुरात त्यांना काटेरी तारांच्या आत वसवून गिरण्यांत कामाला लावले जाई आणि हजेरी घेतली जाई. त्यांपैकी उमेदपूर वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. शाळा आणि रोजगार मिळाला, हे खरे. पण बंदिवानांच्या सुटकेचे वचन सांगणारी मंडळी कुंपणाच्या व्यवस्थेत सरकारची भागीदार झाली, हेही तितकेच खरे. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या.

सुवार्ता कोणत्या चालीत सांगायची हाही उद्देशाचाच प्रश्न. पंढरपूर याच जिल्ह्यात, वारीच्या वाटा याच मुलखातून. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. साहेबी चालीच्या गीतांना टाळ-मृदंगाची सोबत मिळाली, आणि श्रोत्याला घरचा सूर ऐकू आला. भाषांतराची वाट त्याआधीची : मिशनरी विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११चा, पंडिता रमाबाईंचे बायबल १९२४चे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. परदेशी मिशनऱ्यांनी चालवलेली कामे क्रमाने स्थानिक हातांत आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्मप्रसाराचा हक्क आहे. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. आता पाळक (धर्मगुरू), मंडळीचे ज्येष्ठ पदाधिकारी म्हणजे ‘वडील’, संडे स्कूल (मुलांची रविवारची धर्मशिक्षण-शाळा), स्त्रियांची सभा आणि घरोघरची प्रार्थना यांवरच मंडळीचा रोजचा संसार चालतो. सोलापुरात मराठीखेरीज तेलुगू आणि कन्नड बोलणारे विश्वासीही आहेत, त्यामुळे एकाच शहरात येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ वेगवेगळ्या भाषांत म्हटली जाते.