पहिला कलमा आणि दुसरा कलमा, फरक एका शब्दाचा

लहानपणी मदरशात सहा कलमे (म्हणजे इस्लामी श्रद्धेची ठराविक वचनं) पाठ करताना आमची गाडी नेहमी पहिल्या दोनांत घसरायची, पहिला सुरू करायचा आणि मध्येच दुसऱ्यात जायचं. मोठेपणी बघतो तर कित्येक जण दोन्हीला सरसकट 'कलमा' म्हणतात, आणि आपल्याकडचे बाकीचे लोक तर बांगेलाच कलमा समजतात. (सहा कलमे असा नंबर लावून शिकवायची पद्धत मुख्यतः आपल्या भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडची, अरबांना 'चौथा कलमा म्हण' म्हटलं तर ते तोंडाकडे बघत बसतील.)

पहिला, कलमा तय्यब: ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह. अल्लाहशिवाय कोणी पूजनीय नाही, मुहम्मद अल्लाहचे रसूल म्हणजे संदेश घेऊन आलेले. सौदीच्या झेंड्यावर हाच आहे, म्हणून तो झेंडा कधी अर्ध्यावर उतरवत नाहीत. गंमत म्हणजे याचे दोन्ही तुकडे कुरआनात आहेत पण वेगवेगळ्या सूरहांत म्हणजे अध्यायांत, एक सूरह मुहम्मदमध्ये आणि दुसरा त्याच्या पुढच्याच सूरह फतहमध्ये.

दुसरा, कलमा शहादत. यात 'अशहदु' येतं, म्हणजे 'मी साक्ष देतो', आणि मुहम्मद आधी अब्द म्हणजे अल्लाहचे बंदे आणि मग रसूल असं म्हटलंय. बाकी मजकूर जवळपास तोच. मग एका शब्दाने असं काय बिघडतं?

बरंच. पहिलं नुसतं विधान आहे, दुसऱ्यात बोलणारा स्वतः पिंजऱ्यात उभा राहतो. कुरआनातच सूरह मुनाफिकूनच्या पहिल्या आयतीत म्हणजे वचनात याचं उदाहरण आहे. मुनाफिक म्हणजे वरवर मुसलमान असलेले लोक येऊन पैगंबरांना सांगतात, आम्ही साक्ष देतो की तुम्ही अल्लाहचे रसूल आहात. तिथे उत्तर येतं, तुम्ही रसूल आहात हे अल्लाहला माहीतच आहे, पण हे लोक खोटारडे आहेत अशी अल्लाहची साक्ष आहे. वाक्य शंभर टक्के खरं आणि साक्षीदार खोटा! मला तरी शहादतचा अर्थ तेव्हा कळला, त्याआधी नुसती पोपटपंची होती.

आणि हो, हिंदी बातम्यांमुळे शहादत म्हटलं की लोकांना सैनिकाचं बलिदान आठवतं. शहीद त्याच धातूपासून आलाय, पण इथे मरण्याचा काही संबंध नाही, साक्षच.

दोन्हींत मूळ विधानाची सुरुवात मात्र 'ला'नेच, आधी नकार (नफी), मग होकार (इस्बात). नमाजात बसल्यावर अत्तहियात नावाचा पाठ वाचतात त्याच्या शेवटी ही शहादत येते आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट वर होतं. (हनफी आणि शाफई हे सुन्नी मुसलमानांचे दोन पंथ.) हनफी माणूस 'ला'वर बोट उचलतो आणि 'इल्लल्लाह'वर खाली घेतो. आम्ही कोकणातले शाफई, आमचं बोट 'इल्लल्लाह'ला वर जातं आणि तिथेच राहतं. मुंबईतल्या एखाद्या मशिदीत दोघं शेजारी बसले असले की एकाचं बोट खाली येतं त्याच क्षणी दुसऱ्याचं वर जातं, आणि वाचत दोघं तेच असतात.